श्वास धरलेलं पोतं

बुधवारी पहाटे साडेपाचला
झिएम स्टुडिओचं कुलूप काढतो.
स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे,
आणि एक पंखा, जो कार्यक्रम चालू असताना बंद ठेवायचा,
नाहीतर अख्खा जिल्हा विचारतो,
तिकडे वारा सुटलाय का?

वा शहरातून कागद आलाय.
शहराचं नावच वा; ही दाद नव्हे.
दोन पानं, इंग्रजी, खालती शिक्का.
विषय: चवळीची साठवण, तीन पदरी पोत्यात, हवाबंद.

इथे झिएम अडला.
बंदला दगारेत शब्द आहे, पण तो दाराचा.
हवेला आहेत दोन-तीन,
एक हरमॅटनचा, ओठ फोडणारा,
एक आजाऱ्याच्या छातीत घरघरणारा.
जोडून पाहिले, तर झालं
वाऱ्याच्या तोंडावर लावलेलं दार.
लोक हसतील,
आणि चवळी भुंगे खातील.

मागे एकदा त्याने टक्के तसेच वाचले होते:
वीस टक्के झाडांवर अळी दिसली तर फवारा.
बाजारात एका म्हाताऱ्याने त्याची सायकल धरली.
"ही वीस कुठली रे?
माझ्या शेतातली की त्यांच्या?"

तेव्हापासून कागद आधी पोगझिएकडे जातो.
ती पिटो गाळत असते, कोपरापर्यंत ओली.
वर न बघता म्हणते, वाच.
मग विचारते, भुंगा आतच राहिला तर?
आतच राहतो, झिएम सांगतो.
आतली हवा ओढून ओढून संपवतो
आणि मरतो.
पोगझिए चाळणी झटकते.
"मग सरळ सांग ना,
पोतं श्वास धरतं.
पाण्यात बुडी मारलेल्या पोरासारखं.
तोंड उघडलं की संपलं."

झिएमने ते तळहातावर लिहून घेतलं.
निघताना तिने हाक मारली.
"आणि ज्या घरात रोज संध्याकाळी
मूठभर चवळी काढावीच लागते,
त्या घराचं काय?
त्यांचं पोतं किती वेळ श्वास धरणार?"

कागद उलटा केला. मागे कोरा.

सहा वाजता पंखा बंद.
झिएमने पोतं सांगितलं, बुडी सांगितली,
दोरी कशी पिळून दुमडून बांधायची ते दोनदा सांगितलं.
मग थांबला.
रेडिओवर थांबणं म्हणजे काय, ते ऐकणाऱ्यांनाच ठाऊक:
कुणी बॅटरी काढून दातांनी चावली,
कुणी पेटीला चापट मारली.
"एका बाईचा प्रश्न आहे," तो म्हणाला,
"आणि मला उत्तर येत नाही."

पहिला फोन वाच्या कार्यालयातून.
अधिकारी बाई म्हणाली, मलाही येत नाही,
आमच्या चाचणीत पोतं कुणी उघडलंच नव्हतं.
दुसरा फोन नुसता खोकला.
तिसरा नदीपलीकडून, बायुओ नावाचा कुणी,
मागे शेळ्या ओरडत होत्या.
"आम्ही तेलाचे पिवळे डबे भरतो.
एक डबा, एक आठवडा.
उघडला तो खायचा,
बाकीच्यांना हात नाही लावायचा.
हे कुणाला सांगावं लागतं,
हे मला माहीत नव्हतं."

झिएमने ते कागदाच्या कोऱ्या बाजूला
दगारेत लिहिलं,
आणि पाकिटावर पत्ता घातला: वा.

जूनमध्ये, कोठारं रिकामी होतात तेव्हा,
पोगझिएने शेवटच्या पोत्याला कान लावला.
एरवी रात्री आत
बारीक करकर चालू असायची,
झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखी.
आज काही नाही.
तिने दोरी सोडली.

दुसऱ्या पोत्याला उंदराने तळाशी भोक पाडलं होतं.
तिथे नुसतं पीठ.
बुधवारी झिएमने
तेही वाचून दाखवलं.